गडाचा चढ आणि वजनाचा काटा

रविवारी सकाळी चहा घ्यायच्या आधी मी वजनकाट्यावर उभी राहायची. दिवाळीनंतर हा नेम सुरू झाला. आठवड्यातून पाच दिवस तासभर सायकल, कधी अंबाळा तलावाच्या बाजूने, कधी खिंडसी तलावाच्या रस्त्याने. रात्रीचा भात बंद. चहातली साखर बंद. लग्नाच्या पंगतीतही गोडाला हात लावला नाही. तीन महिने झाले आणि एका रविवारी काटा होता तिथेच. मी उतरले, पुन्हा चढले. आकडा तोच. कुकर लावता लावता डोळ्यांत पाणी आलं. ज्यांनी मनापासून प्रयत्न केले आहेत त्यांना हे रडू कळेल. आळसाने वजन वाढलं तर माणूस स्वतःवर रागावून मोकळा होतो. इमानाने कष्ट करूनही काही दिसलं नाही, की रागवायचं तरी कुणावर?

दुपारी वही घेऊन हिशोब मांडला. एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक असतात. माझ्यासारखीने बेताच्या वेगाने तासभर सायकल चालवली तर अडीचशे-तीनशे खर्च होतात. एक बशी तर्री-पोहे आणि वर गोड चहा घेतला की तेवढे परत जमा. म्हणजे नुसत्या सायकलच्या जोरावर एक किलो उतरायला पंचवीस-तीस फेऱ्या हव्यात. आठवड्याच्या पाच फेऱ्या धरल्या तर पाच-सहा आठवडे झाले, तेही खाणं जराही वाढलं नाही तर. आणि ते वाढतं. व्यायामाने भूक लागते. मुलांच्या ताटात उरलेली अर्धी पोळी आपण टाकत नाही, भाजीची चव बघताना दोन घास जातात, हे कुठल्या हिशोबात धरतच नाही. त्यातून शरीरातलं पाणी. आदल्या रात्री लोणचं-पापड झालं, पाळी जवळ आली, नव्या व्यायामाने मांड्या भरून आल्या, की शरीर पाणी धरून ठेवतं. दिवसभरात किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. चरबी किती, पाणी किती, पोटातली भाकर किती, हे काट्याला वेगळं सांगता येत नाही. महिन्याभराची कमाई एका दिवसाच्या पाण्याखाली झाकली जाते. हे कळल्यावर माझा राग निम्मा ओसरला. डॉक्टरांनाही दाखवून आले. तुमचं असंच अडलं असेल तर तुम्हीही एकदा दाखवा. थायरॉइड किंवा एखादं चालू औषधही कारण असू शकतं आणि तिथे आपल्या निश्चयाची काहीच चूक नसते.

मन भरून आलं की आम्ही रामटेकची माणसं गडावर जातो. तशी मीही गेले. रामाचं दर्शन घेतलं आणि कालिदास स्मारकाच्या आवारात थोडा वेळ टेकले. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं संस्कृत पंडित वा. वि. मिराशींनी मांडलं. त्या काव्यात पहिल्याच श्लोकात शापित यक्ष भेटतो. बायकोपासून दुरावलेला, या डोंगरावर दिवस काढणारा. दुसऱ्या श्लोकात तो इतका वाळला आहे की हातातलं सोन्याचं कडं गळून पडलं आहे आणि मनगट रिकामं झालं आहे. हे कितीदा ऐकलं होतं, पण त्या दिवशी थांबून विचार केला. कालिदासाला दुःख दाखवायचं होतं, म्हणून त्याने माणूस बारीक केला. आपली घरातली बोलीही तशीच आहे. माझी आजी मला बघून म्हणायची, ‘किती वाळलीस गं, जेवत नाहीस का?’ माहेरपणाला आलेल्या लेकीच्या अंगावर मूठभर मांस चढलं, की आजीचा चेहरा फुलायचा. आजीचे दिवस वेगळे होते, हे खरं. पाणी भरण्यात आणि जात्यावर तिचं अंग झिजत होतं. आपण खुर्चीवर बसतो, म्हणून कमरेच्या घेराकडे लक्ष हवंच. आपल्याकडे बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याची खूण मानतात. पण वजन उतरलं तर आपण चांगले आणि नाही उतरलं तर हरलो, ही समजूत ना कालिदासाची, ना आजीची. ती आपण कधी आणि कुठून उचलली, मला आठवत नाही. मात्र तिने माझ्या कितीतरी सकाळी कडू केल्या.

गडावरून परतताना एक गोष्ट लक्षात आली. दिवाळीच्या सुमाराला गडाच्या रस्त्याने सायकल घेऊन चढायचं म्हटलं, की पहिल्याच वळणाला मी खाली उतरायची. छाती धडधडायची, बोलणं सुचायचं नाही. आता पहिलं वळण कधी मागे पडतं तेही कळत नाही. रात्री पडल्या पडल्या झोप लागते. सलवारीच्या नाडीची गाठ दोन बोटं आत गेली आहे. यातलं काहीच काट्यावर दिसलं नव्हतं आणि मीही कधी पाहिलं नव्हतं, कारण दर रविवारी मी शरीराला एकच प्रश्न विचारत होते. नेमाने व्यायाम करणाऱ्याचा रक्तदाब, रक्तातली साखर, पोटाच्या आतली चरबी यांत फरक पडतो, आणि वजन फारसं हललं नाही तरी पडतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. त्यात किलो उतरवण्याची अट नाही. अंबाळ्याकडून पायऱ्या चढून एकादशीला गडावर येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनी तर कधी असा हिशोब केलाच नाही. त्या दर्शनाला येतात. पाय त्यांना घेऊन येतात, एवढंच.

काटा मी टाकून दिला नाही. तो आता महिन्याच्या पहिल्या तारखेला बाहेर निघतो. बाकीच्या दिवशी कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने एक ओळ लिहायची सवय लावून घेतली आहे. आज कुठपर्यंत गेले, चढावर कुठे उतरले, झोप कशी लागली. पाच-सहा शब्द. काही दिवशी फक्त ‘गेले’ एवढंच लिहिलेलं असतं. पावसाची भुरभुर होती त्या दिवशी ‘गेले नाही, घरी आराम’ असंही लिहिलं आणि तेही खरंच होतं. तुम्ही चालत असाल, दोरीवरच्या उड्या मारत असाल, नुसते जिने चढत असाल, तरी कॅलेंडरमध्ये तेवढी जागा असते.

आजच्या चौकोनात लिहिलं आहे: धुकं. दुसऱ्या वळणाच्या पुढे उतरले. गडावरून येणाऱ्या एका आजींना ‘राम राम’ म्हटलं, धाप न लागता.