तहान नाही

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना आम्ही गावाहून राजधानीतील आमच्या सरकारी निवासस्थानी आणले. येथे आल्यापासून त्यांनी पाणी मागणे जवळजवळ सोडूनच दिले. विचारले की म्हणत, "तहान नाही." तहान होती, परंतु पाणी प्यायले की पुढे आणखी कशासाठी कोणास तरी उठवावे लागणार, हा हिशेब त्यांनी मनाशी मांडलेला होता. हे उमगण्यास चार महिने लागले, आणि तेही आम्हांस नव्हे, आमच्या कुटुंबास.

तेव्हापासून अपंगांना साहाय्य करणाऱ्या यंत्रांविषयीचा मजकूर आम्ही निराळ्या दृष्टीने वाचू लागलो. (यंत्रमानव हा शब्द येथे फसवा आहे; बहुधा तो नुसता एक हात असतो.) इंग्लंडातील कील विद्यापीठात माइक टॉपिंग यांनी १९८७ साली असा एक हात सिद्ध केला, तो मेंदूच्या पक्षाघाताने अपंग असलेल्या अकरा वर्षांच्या मुलास आपल्या आपण जेवता यावे म्हणून. अमेरिकेतील हेन्री इव्हान्स २००२ साली, चाळिसाव्या वर्षी, मेंदूवरील आघाताने हातपाय व वाचा गमावून बसले. पुढे मानेच्या हालचालीने यंत्र चालवून त्यांनी गालावर वस्तरा फिरवला, चेहऱ्याची खाज शमवली. खाज ही क्षुल्लक गोष्ट खरी. पण ती दुसऱ्यास सांगावी तरी दिवसातून किती वेळा?

गोव्यात एका रोजंदारी कामगाराने आपल्या अपंग मुलीस घास भरवणारे यंत्र स्वतः बनवल्याचे वृत्त २०२२ साली आले. मुलीने काय हवे ते बोलावे आणि चमच्याने ते पुढे करावे, अशी योजना. यंत्राचे नाव त्याने ठेवले 'माँ'. आमचे एक स्नेही यावर संतापले. आईचे काम यंत्राने करावे, याहून अधोगती ती कोणती? पण त्या घरची आईच अंथरुणावर होती, आणि बाप काम टाकून भरवण्यासाठी घरी येत असे.

सेवेचे पुण्य करणाऱ्याच्या खाती जमा होते, एवढे आपण जाणतो. घेणाऱ्याच्या खाती काय पडते हे कोणी पाहत नाही. यंत्राचे ऋण होत नाही, हाच त्याचा मोठा गुण. मात्र याच गुणात आम्हां बदलीच्या माणसांचा मोह दडलेला आहे. पूर्वी मनीऑर्डर धाडून आपण मोकळे होत असू, उद्या यंत्र धाडून होऊ. आज दोन घास कमी का, हे यंत्र विचारणार नाही. मग कोणते काम यंत्राचे व कोणते माणसाचे, हे ठरवावे कोणी? आमच्या मते, ज्याचे शरीर आहे त्याने. २०१६ च्या अपंगविषयक कायद्यातील 'अधिकार' हा शब्द आम्ही कचेरीत कितीदा तरी टिपणांत लिहिला. घरी मात्र तो आम्हांस सुचला नाही.

वडिलांना आम्ही विचारले. त्यांनी यंत्र मागितले नाही. उशाशी बाटली टांगून तिची नळी तोंडाशी पोचेल अशी केली, एवढेच. परवा रात्री त्यांनी हाक मारली. पाणी संपले काय, असे विचारीत आम्ही उठलो. "पाणी आहे," ते म्हणाले, "जरा बस." मग अर्धा तास गावच्या विहिरीच्या वाटणीविषयी बोलत राहिले.