घराखालचं पाणी

सातारा जिल्ह्यातला एक तरुण नोकरीसाठी नेदरलँड्सला गेला. कचेरी रॉटरडॅमला होती. जवळच्याच एका जुन्या गावात, कालव्याकाठी, त्याने आणि त्याच्या बायकोने दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भाडं महिन्याला दीड हजार युरो.

पहिल्या महिन्यापासूनच ते भाडं त्याला सलू लागलं. "दुसऱ्याच्या घराचे हप्ते आपण फेडतोय," तो म्हणायचा. परदेशी माणसाने घर घ्यायला तिथल्या कायद्याची आडकाठी नव्हती. पगार बघून बँक घराच्या पूर्ण किमतीइतकं कर्ज द्यायला तयार होती. मग थांबायचं कशाला?

त्याने गावाकडे फोन केला. वडील म्हणाले, "घे बाबा, पण एक पावसाळा बघून घे. पाणी कुठं साचतं, कुठनं जातं, ते बघितल्याबिगर आपण कधी रान घेतलं न्हाई."

मुलगा हसला. "आण्णा, इथं बारा महिने पाऊस असतो. आणि पाण्याचं सगळं सरकार बघतं."

शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहत होते. नवरा-बायको आपसांत त्यांना आजोबा म्हणत. दिवाळीत बायको बेसनाचे लाडू घेऊन त्यांच्या दारात गेली. आजोबांनी लाडू घेतले, आभार मानले आणि दार लावून घेतलं. आत या म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनीच येऊन दार वाजवलं. हातात छोटी डायरी होती. "तीन आठवड्यांनी, गुरुवारी संध्याकाळी साडेसातला कॉफीला येता का?"

साडेसातला, म्हणजे जेवून यायचं. दोघं गेली. कॉफी झाली. आजोबांनी डबा उघडला, प्रत्येकाला एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. मग म्हणाले, "तुमचे लाडू मला फारच गोड वाटले."

घरी आल्यावर बायको हिरमुसली. "कॉफीला तारीख, बिस्किटं मोजून, आणि वर तोंडावर नावं ठेवायची!"

पण निघताना आजोबांनी डायरीत पुढची तारीख लिहून घेतली होती. त्या तारखेला दोघं पुन्हा गेली. मग दर महिन्याचा एक गुरुवार ठरूनच गेला.

वसंत आला आणि तरुणाला घर सापडलं. विटांच्या जुन्या घरांची एक लांब ओळ होती, त्यात मधोमध ते होतं. भिंतींना नवा पांढरा रंग, लाकडी जमीन, मागे ट्यूलिप फुललेली छोटी बाग. बघायला पंधरा मिनिटं मिळाली, कारण बाहेर दुसरे लोक थांबले होते. बंद पाकिटातली बोली लावायची होती. त्याने मागितलेल्या किमतीवर तीस हजार युरो चढवले. घर तज्ज्ञाकडून तपासून घेण्याची अटही गाळली, कारण बिनअटीची बोली विकणाऱ्याला आवडते, असं त्याने ऐकलं होतं. घर त्यालाच मिळालं. मंगळवारी दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या आणि कराराची प्रत त्याच्या हातात पडली.

गुरुवार आला. कॉफीची तारीख तीच होती. तरुण म्हणाला, "आज नको. बँकेचे कागद भरायचेत."

बायको म्हणाली, "इथं दिलेली तारीख मोडत नाहीत, एवढं मला आता कळलंय. चल."

आजोबांनी बातमी ऐकली. रस्त्याचं नाव विचारलं. मग कप खाली ठेवला आणि सरळ म्हणाले, "ते घर घेऊ नका."

तरुणाला राग आला. आजोबांच्या चेहऱ्यावर मात्र कसलाच बदल नव्हता. त्यांनी विचारलं, "त्या घराखाली काय आहे?"

"जमीन."

"मऊ, काळी, दलदलीची माती आहे. तिच्यावर घर उभं राहत नाही. म्हणून जुनी घरं लाकडी खांबांवर बांधली. खांब मातीत ठोकत ठोकत खालच्या घट्ट वाळूपर्यंत न्यायचे. अॅमस्टरडॅमचा राजवाडा अशाच १३,६५९ खांबांवर उभा आहे. आम्हाला शाळेत तो आकडा शिकवायचे. वर्षाचे दिवस ३६५, पुढे एक आणि मागे नऊ."

"मग राजवाडा टिकलाच की," तरुण म्हणाला.

"पाण्यात बुडालेलं लाकूड शेकडो वर्षं टिकतं. पण जमिनीतलं पाणी खाली गेलं, खांबांच्या डोक्यांना हवा लागली, की ती कुजायला लागतात." आजोबा थोडं थांबले. "मी इथल्या झीलंड प्रांतातला. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र बांध फोडून आत आला, तेव्हा मी लहान होतो. या देशात १,८३६ माणसं गेली. चढत्या पाण्याला मी अजून भितो. पण त्या रस्त्यावर मला उतरत्या पाण्याची भीती वाटते. २०१८ चा कोरडा उन्हाळा तुम्ही पाहिला नाही. मी पाहिला."

त्यांनी कोट चढवला. तिघं सायकलींवरून त्या रस्त्यावर गेली. पाऊस भुरभुरत होता. आजोबांनी तरुणाने घेतलेल्या घराच्या खिडकीच्या वर बोट दाखवलं. विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी एक भेग वर गेली होती. ती ताज्या चुन्याने भरलेली होती. शेजारच्या घराची चौकट एका बाजूला कलली होती. तरुण घर बघायला इथं येऊन गेला होता, पण त्याने फक्त बाग पाहिली होती.

"दुरुस्त करता येईल ना?" त्याने हळूच विचारलं.

"येईल. लाखभर युरोही लागू शकतात. आणि तुम्हाला एकट्याला करता येणार नाही. ओळीतल्या घरांच्या भिंती सामाईक, म्हणून पायाही सामाईक. इथले चार जण दुरुस्तीला तयार आहेत, तिघं नाहीत. कित्येक वर्षं त्यांचं बोलणं बंद आहे."

तिथल्या कायद्याने घर घेणाऱ्याला कराराची प्रत मिळाल्यावर विचाराला तीन दिवस मिळतात. त्या मुदतीत मागे फिरलं तर कारण सांगावं लागत नाही, दंडही पडत नाही. शुक्रवार हा तिसरा दिवस होता. तरुणाने सकाळीच माघारीचं पत्र पाठवलं.

मग ती दोघं आणखी एक वर्ष त्या दोन खोल्यांत राहिली. थंडीत चारलाच पडणारी संध्याकाळ पाहिली. आजोबांच्या वाढदिवसाला गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसली आणि तिथल्या रीतीप्रमाणे आजोबांबरोबर त्यांच्या लेकीचं, जावयाचं, नातवांचंही अभिनंदन केलं. पाणी राखणाऱ्या मंडळाचा कर भरला. रस्त्याकडेच्या छोट्या लोखंडी झाकणाखालच्या नळीत भूजलाची पातळी मोजतात, हेही कळलं. तरुण नगरपालिकेत जाऊन जुन्या घरांचे कागद बघायला शिकला.

आता बोली लावताना तो तपासणीची अट घालायचा. त्यामुळे दोन घरं हातची गेली. तिसरं मिळालं. ते लहान होतं, बाग तर चटईएवढी. पण त्या ओळीतल्या लोकांनी मिळून वर्गणी काढून नवा पाया घातला होता. सही करण्याआधी तरुण दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना भेटून आला. अर्थात, आधी तारीख घेऊन.

त्या रात्री त्याने गावाकडे फोन केला. "आण्णा, पावसाळा बघून घेतला."

"पाणी साचतंय का?"

"साचत नाही. पण इथं पाणी उतरलं, तरी घर खचतं."

वडील जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंजी पाणीच बघायचं की."

जास्तीच्या त्या वर्षाचं भाडं अठरा हजार युरो झालं. ते मात्र तरुणाला कधी सललं नाही. घर बघायला पंधरा मिनिटं पुरतात, पण घराखालचं पाणी आणि भिंतीपलीकडची माणसं तेवढ्या वेळात दिसत नाहीत. आणि जी रीत आपल्याला तुसडी वाटते, तीच एखाद्या दिवशी आपल्याला वाचवते. म्हणून परक्या मुलखात घर घ्यायचं असेल, तर आधी तिथल्या कुणाच्या तरी घरी कॉफीला जावं. बिस्किट एकच मिळालं, तरी जावं.