रिजमाँट, पिंपळे सौदागर आणि मधले शिवार

हॅरॉल्ड मॅन या इंग्रज शास्त्रज्ञाने दोन देशांतली दोन गावे घरोघर जाऊन तपासली. एक बेडफर्डशायरमधले रिजमाँट, दुसरे पुण्याजवळचे, पवनेकाठचे पिंपळे सौदागर. रिजमाँटवरचा निबंध विसाव्या शतकाच्या पहिल्या पाच वर्षांतला. त्यानंतर १९०७ मध्ये मॅन पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य म्हणून आले आणि सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास केला. त्याचे पुस्तक १९१७ मध्ये निघाले. दोन्ही ठिकाणी त्यांचा मूळ प्रश्न एकच होता: या गावात राहून माणसाचे पोट भरते का?

रिजमाँट हे ड्यूक ऑफ बेडफर्डच्या जहागिरीतले गाव. इंग्लंडचे खेडे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चर्चचा मनोरा, दगडी कुंपणे, हिरवी कुरणे आणि चहा पिणारी निवांत माणसे येतात. मॅन यांना तिथे दिसले ते असे, की गावातली साधारण एक तृतीयांश माणसे दारिद्र्यरेषेखाली आहेत आणि कारण आळस किंवा दारू हे नाही. माणूस रोज कामाला जातो, तरी शेतमजुरीत घर चालत नाही. शहाणीसुरती तरुण पोरे शहराची वाट धरतात.

पिंपळे सौदागरचे आकडे पुढे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिले. १७७१ मध्ये तिथे एका खातेदाराची जमीन सरासरी ४० एकर होती, १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली. १५६ जमीनमालकांकडे मिळून ७२९ वेगवेगळे तुकडे होते. त्यांतले ४६३ तुकडे एकराहून लहान आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. वाटण्या होत होत भावाभावांत वावर इतके चिरले गेले होते, की बैलजोडी वळवायलाही अडचण व्हावी. खडकीचा दारूगोळा कारखाना आणि पुण्याची बाजारपेठ जवळ होती, म्हणून गाव तगून होते.

मॅन यांचे हे काम मला आज महत्त्वाचे वाटते, कारण ते दोन्हीकडचा गोड गैरसमज दूर करते. आपल्याकडे शहरात स्थिरावलेला मराठी माणूस गावाबद्दल हळवा असतो. पार, पाणवठा, सुगी, जत्रा. हे सगळे खरे होते, पण त्याच गावाला वेशीबाहेरचा महारवाडाही होता. डॉ. आंबेडकरांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवर लिहिताना दाखवून दिले, की नुसते तुकडे जोडून भागणार नाही. शेतीवरची जादा माणसे उद्योगांत जायला हवीत. आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणाला निःसंदिग्ध विरोध केला. पुण्याच्या भोवतालची गावे शहरात गेली याचे दुःख ज्याला करायचे आहे, त्याने आधी या दोन अभ्यासकांना उत्तर द्यायला हवे. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आहे, तिथे टोलेजंग इमारती आहेत, आणि पाव एकराच्या तुकड्याने ज्या घराला कधी धड भाकरी दिली नसती त्या घराला जमिनीच्या भावाने शिक्षण, दवाखाना, पक्के छप्पर दिले असेल तर ते चांगलेच झाले. हडपसरला मगर आणि इतर शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली. तुकड्यांच्या प्रश्नावर शेतकऱ्यांनी स्वतः काढलेला तो तोडगा होता.

माझे म्हणणे वेगळे आहे. गावात सातबाऱ्यावरची जमीन होती, तशी कोणा एकाच्या नावावर नसलेलीही जमीन होती. गायरान, पाणंद, ओढ्याचे पात्र, बांधावरून जाणारी पाऊलवाट, पाणवठा, स्मशानाकडची वाट, देवाच्या नावाने राखलेली झाडी. शहर आले तेव्हा सातबाऱ्यावरच्या जमिनीचा मोबदला ठरला, घासाघीस झाली, करार झाले. उरलेल्या या सगळ्याचा सौदा झाला नाही, कारण विकायला मालक नव्हता. ते नुसतेच नाहीसे झाले. गाव शहरात जाण्यातला खरा तोटा इथे आहे आणि तो टाळता येण्यासारखा होता.

पुण्याच्या पश्चिमेला महापालिकेत आलेल्या एका गावात एका वयस्क शेतकऱ्याने मला गावाचा जुना नकाशा उलगडून दाखवला. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला. अशा नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवतात आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने. गावठाणातून निघालेली एक दुहेरी रेषा ओढा ओलांडून शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जात होती. "ही आमची पाणंद. दोन गाड्या समोरासमोर आल्या तरी अडायच्या नाहीत. चला, दाखवतो," म्हणाले. पहिली शंभरेक पावले सिमेंटची गल्ली लागली. मग एका सोसायटीची भिंत. वळसा घालून पलीकडे गेलो, तर दोन प्रकल्पांच्या मधे रेषेचा एक तुकडा शिल्लक होता, राडारोडा आणि घाणेरीने भरलेला. पुढे ओढा, म्हणजे आता नळ्यांतून वाहणारे सांडपाणी. त्यांनी नकाशाची घडी घातली आणि म्हणाले, "आमची जमीन आम्ही विकली, पैसे घेतले, खोटं कशाला बोलू? पण ही वाट कोणी विकली, ते मला सांगा." भिंत बांधणाऱ्याने बहुधा परवानगीचे सगळे कागद नीट घेतले असतील. त्या कागदांत ती रेषाच नव्हती.

कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चे कलम १४३ बांधावरून शेतात जायचा रस्ता देते. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली अडवलेला रस्ता तहसीलदार मोकळा करून देतात. पण हे दोन्ही उपाय शेतकऱ्याला शेतात जाता यावे म्हणून आहेत. शेतीच गेली की वाट मागायला कोणी उरत नाही. महसूल अधिनियमाच्याच कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज नावाच्या नोंदवहीची तरतूद आहे. गावातल्या वहिवाटीच्या वाटा, पाणी, मासेमारी यांचे रिवाज तिच्यात लिहायचे असतात. विदर्भात हे नाव लोकांच्या ओळखीचे आहे, पुण्याच्या बाजूला क्वचित ऐकू येते.

वाटेचे जाणे माणूस सोसतो. ओढ्याचे तसे नसते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेल्या आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी या भागांत घरे, गाड्या, माणसे वाहून नेली. त्या पावसात पुणे जिल्ह्यात वीसहून अधिक लोक गेले. हा तोच ओढा, ज्याचा प्रवाह अठराव्या शतकात पेशव्यांनी वळवला आणि ज्याच्या वरच्या अंगाला कात्रजचा तलाव बांधून पाणी शहरात नेले. तेव्हाच्या कारभाऱ्यांना ओढा कुठून येतो आणि कुठे जातो हे माहीत होते. आपण त्याच्या पात्रात भराव टाकले, भिंती घातल्या. पात्र ज्याच्या-त्याच्या हद्दीपुरते पाहिले की प्रत्येकाला आपला अडथळा छोटाच वाटतो.

पुण्याची हद्द गेल्या काही दशकांत फार झपाट्याने वाढली. १९९७ मध्ये ३८ गावे घेतली, पुढे काही वगळली आणि २३ राहिली. २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली आणि पुणे क्षेत्रफळाने मुंबईहून मोठी महापालिका झाली. २०२१ च्या २३ गावांत कर महापालिकेकडे गेला, नियोजन मात्र पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) दिले गेले. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसूनही २०२४ मध्ये महापालिकेतून बाहेर काढली गेली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. जुन्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर साडेनऊशेहून अधिक हेक्टरांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण पडले, ही पुणेकरांनी लढून मिळवलेली मोठी गोष्ट आहे. पण टेकडी दुरून दिसते, म्हणून तिच्यासाठी माणसे उभी राहतात. पाणंद आणि ओढा दिसत नाहीत.

आता इंग्लंडकडे वळतो. रिजमाँट आज शेकड्यांत मोजावी इतक्या वस्तीचे गाव आहे. त्याच्या अंगावरून एम-वन महामार्ग जातो, जवळच प्रचंड गोदामे आहेत. म्हणजे शहराचा रेटा तिथेही पोचला. तरी भोवतालची शेते आणि शेतांतल्या वाटा टिकल्या. इंग्रज माणसाला निसर्गाची ओढ जास्त, असे त्याचे कारण सांगितले जाते. मला ते पटत नाही. वाटा टिकल्या त्या लढ्यामुळे आणि कायद्यामुळे. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर-शेफील्डकडचे काही शे कामगार किंडर स्काउटच्या खासगी पठारावर ठरवून घुसले, जमीनदारांच्या रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४७ च्या नगरनियोजन कायद्याने जमीन मालकाचीच ठेवली, पण तिच्यावर बांधायचा हक्क समाजाच्या परवानगीवर सोडला. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. त्या नकाशात रेषा असली की शेत कितीदाही विकले जावो, वाट राहते. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. या व्यवस्थेची किंमतही आहे. बांधकाम अडल्याने अनेक देखण्या खेड्यांत घरे इतकी महागली, की तिथल्या मजुराच्या पोराला ती परवडत नाहीत. ते आपल्याला नको. पण वाटांच्या नकाशाने कोणाचे घर महाग होत नाही.

रिजमाँटपासून थोड्या अंतरावरचे मिल्टन कीन्स तर पुणेकरांनी मुद्दाम अभ्यासावे. १९६७ मध्ये सुमारे ८,९०० हेक्टरांवर हे नवे शहर आखले गेले, तेव्हा तीन लहान शहरे आणि बरीच खेडी त्याच्या पोटात आली. ज्या खेड्याचे नाव शहराला मिळाले तेही अजून तिथे आहे. आखणाऱ्यांनी नद्यांच्या खोऱ्यांत बांधकाम टाळून लांबच लांब हिरवे पट्टे सोडले, पुराचे पाणी थोपवायला तलाव केले. पुढे १९९२ मध्ये ही मोकळी जमीन ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका स्वतंत्र विश्वस्त संस्थेला दिली आणि देखभालीचा खर्च निघावा म्हणून तिला व्यापारी मालमत्ताही दिली. आणखी एक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. तिथे शहराच्या कारभाराखाली गावपातळीच्या परिषदा चालू आहेत. १८९४ च्या कायद्याने सुरू झालेली ही सर्वांत खालची पायरी शहर आल्यावर मोडली नाही. आपल्याकडे गाव महापालिकेत गेले, की त्या दिवशी ग्रामपंचायत बरखास्त होते आणि ग्रामसभा संपते. पुढे पुण्यात तर मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे नगरसेवकच नव्हते. नवी आलेली गावे तक्रार तरी कोणाकडे करणार होती?

सामायिक जमीन जपण्यावरचा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. सार्वजनिक जमीन म्हणजे गावातल्या बलदंडांची जमीन, असा आपला अनुभव आहे. पाणवठा सर्वांचा म्हणायचे आणि महाराला तिथे येऊ द्यायचे नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. कसायला पडीक जमीन द्या ही मागणी रास्तच होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले, तेव्हाही भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना नियमाने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. म्हणून सामायिक जमिनींची नोंद करताना गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या घरांची नावेही त्याच कागदावर यायला हवीत. नोंद नसली तर आधी त्यांनाच उठवले जाते.

पुण्याभोवती रिंगरोडचे काम सुरू आहे. मुळशी, मावळ, हवेली, भोर, पुरंदर, खेड इथल्या ज्या गावांत आज ग्रामसभा भरते, तिथल्या जमिनीकडे उद्या गिऱ्हाईक वळणार. २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचे ठरवले आहे. या गावांनी त्याच्यावर न थांबता एका हंगामात पुढची कामे उरकावीत: गावनकाशातली प्रत्येक तुटक रेषा आणि ओढ्याचा काठ भूमी अभिलेख खात्याकडून मोजून दगड रोवावेत, जुन्या माणसांना, त्यातही पाणी-सरपण आणायला गेलेल्या बायकांना आणि मेंढपाळांना बरोबर घेऊन वाटा चालाव्यात, कारण त्यांना माहीत असलेल्या निम्म्या वाटा नकाशात नसतात, ती यादी ग्रामसभेत वाचून ठराव करावा, ठरावाची प्रत तहसीलदार आणि पीएमआरडीए दोघांकडे पोच घेऊन द्यावी. विकास आराखड्याचा मसुदा निघाला की हरकतींना मुदत थोडी असते. हरकत घेणाऱ्याच्या हातात तेव्हा मोजणीचा नकाशा आणि ठरावाची पोच असली पाहिजे.