आपलीच साखर

सिकंदराबादच्या बेगमपेट भागातली डॉ. रोनाल्ड रॉस जिथे काम करत ती जुनी इमारत डोळ्यांसमोर आणा. २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉस यांना इथे, सूक्ष्मदर्शकाखाली, डासाच्या जठराच्या भिंतीत काळे कण असलेल्या पेशी दिसल्या. हिवतापाचा परजीवी डासाच्या अंगात वाढतो याचा तो पुरावा होता. किती वेळ ते त्या भिंगावर वाकून बसले असतील! आपणही तेवढ्याच सावकाशीने बघू.

आता नजर आणखी खाली न्या. त्या पेशींहून शंभरेक पटींनी लहान असा कोरोनाचा विषाणू. रॉस यांच्या भिंगाला तो दिसला नसता. त्याच्या अंगावरच्या एका काट्यापाशी थांबा. एकसारख्या तीन प्रथिनांचा हा काटा, आणि प्रत्येक प्रथिनावर साखरेच्या साखळ्या बसण्याच्या २२ जागा. काटा उघडा नाहीच; तो साखरेने झाकलेला आहे.

ही साखर कुणाची? श्वास सोडा. प्रश्न थोडा वेळ तसाच राहू द्या.

ती आपली आहे. साखर चढवण्याची सामग्री या विषाणूजवळ नसते. आपल्या पेशीत शिरून तो स्वतःची प्रथिनं बनवून घेतो, आणि पेशी स्वतःच्या प्रथिनांना चढवते तशी त्यांनाही साखर चढवते. म्हणून तर शरीराला तो चटकन परका वाटत नाही.

आता तुमचा रक्तगट आठवा. ए आणि बी गटांत फरक आहे तो लाल पेशींवरच्या साखळीच्या टोकाला असलेल्या एका साखरेचा. ओ गटात ती टोकाची साखरच नसते. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असं रक्त नोंदवलं, की ज्यात तिच्याही अलीकडची फ्यूकोज नावाची साखर नव्हती. तो ‘बॉम्बे’ रक्तगट. अशा माणसाला ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. एका साखरेच्या असण्या-नसण्याकडे शरीर इतकं बारीक लक्ष देतं. इथे हवं तितकं रेंगाळा.

मग विषाणूला त्याच्या साखरेवरूनच धरता येईल का? साखर ओळखणारी प्रथिनं निसर्गातही आहेत. फणसाच्या आठळीत जॅकलिन आहे. पण ही प्रथिनं आकाराने मोठी, आणि त्यांतली बरीच लाल पेशी एकमेकींना चिकटवतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञ हेच काम करणारे छोटे रेणू प्रयोगशाळेत घडवू पाहतात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत ॲडम ब्राउनश्वाइग यांच्या गटाने असे रेणू बनवले. पेशींवरच्या प्रयोगांत या रेणूंनी झिका विषाणूला अडवलं. सिकंदराबादजवळ तारनाक्याच्या आयआयसीटी या रसायनशास्त्राच्या संस्थेने २०२० मध्ये फॅविपिराविर हे विषाणूविरोधी औषध बनवण्याची स्वस्त पद्धत सिप्लाला दिली, पण त्या औषधाचं काम विषाणू पेशीत शिरल्यावर सुरू होतं. साखर धरणारा रेणू त्याला दारातच गाठू पाहतो. प्रथिन बदललं तरी वरची साखर आपल्याच पेशीची, म्हणून अनेक विषाणूंना एकच रेणू लागू पडेल, ही आशा मला खरी वाटते.

आणि अडचणही तिथेच आहे. बाहेरून पाहिलं तर साखर पाण्यासारखीच: सगळीकडे हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, आणि आजूबाजूला पाणीच पाणी. ग्लुकोज आणि मॅनोज या दोन साखरांत फरक काय, तर त्यांतल्या एका गटाची दिशा. विषाणूंच्या काट्यांवर मॅनोजने भरलेल्या, अर्धवट घडलेल्या साखळ्या बऱ्याचदा राहून जातात. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर त्या कमी असतात. रेणूला धरायचं ते एवढ्याशा फरकाला.

आता त्या रेणूच्या जागी स्वतःला ठेवा आणि रक्तात उतरा. उपाशीपोटीही इथे लिटरमागे ग्रॅमभर ग्लुकोज वाहत असतं. त्यातल्या एकालाही न धरता पुढे जायचं आहे.