ग्लॅडिसबाई थांबल्या

जानेवारी १९९९. ओडिशातल्या मनोहरपूर गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमोथी, गाडीत झोपली होती. जमावानं त्यांना जाळून मारलं. पत्नी ग्लॅडिस म्हणाल्या, मारेकऱ्यांना मी क्षमा केली आहे. शिक्षेचं कायदा बघेल.

छळ हा काही सुवार्तेचा मुहूर्त नव्हे, तो कुणी मागून घेऊ नये. पण येशूची क्षमा कशी असते, हे कधी चर्चची पायरी न चढलेल्यांनीही तेव्हा पाहिलं, तेही प्रवचनाविना! बाई लगेच ऑस्ट्रेलियाला परतल्या नाहीत. ग्रॅहम १९६५ पासून जिथे राबत होते, तो बारीपदाचा कुष्ठाश्रम त्यांनी आणखी काही वर्षं सांभाळला. २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.