अधिकार माणसाचा कीं कामाचा?

आपल्या भाषेंत ‘अधिकार’ या शब्दाचे दोन अर्थ फार दिवसांपासून एकत्र नांदत आले आहेत. एखाद्या विद्वानाचा अमुक विषयांत अधिकार आहे असें आपण म्हणतों, तेव्हां त्याची योग्यता आपल्या मनांत असते. आणि मामलेदाराला अमुक हुकूम काढण्याचा अधिकार आहे असें म्हणतों, तेव्हां त्याच्या हातीं असलेली सत्ता आपणांस अभिप्रेत असते. एकाच शब्दांत या दोन कल्पना सांठविल्यामुळें आपणांस सहजच असें वाटूं लागतें कीं, योग्यता असली म्हणजे सत्ताही असावी, आणि सत्ता कमी केली म्हणजे योग्यतेवरच संशय घेतला. हा समज कितपत खरा आहे हें तपासून पाहण्यास अलीकडे एक नवें क्षेत्र उपलब्ध झालें आहे. तें म्हणजे संगणकांच्या क्लाउड सेवांचें.

क्लाउड म्हणजे ढग. परंतु या सेवांत ढगासारखें अधांतरीं कांहींच नाहीं. पूर्वीं प्रत्येक संस्था आपले संगणक आपल्याच इमारतींत ठेवीत असे. आतां ती मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, गूगल यांसारख्या कंपन्यांच्या दूरच्या यंत्रशाळांतील संगणक भाड्यानें घेते आणि आपल्या टेबलाशीं बसून चालविते. या यंत्रांवर बँकांचे हिशेब असतात, इस्पितळांतील रोग्यांचे कागद असतात, विद्यार्थ्यांचे निकाल असतात. या सर्वांची व्यवस्था पाहणाऱ्यास ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. त्याच्या एका आज्ञेनें नवें यंत्र उभें राहतें, आणि एका आज्ञेनें अनेक वर्षांची माहिती नाहींशीही होते. पुण्यामुंबईच्या किती तरी घरांतील मुलेंमुली आज याच कामावर आहेत. तेव्हां हा विषय वाचकांस अगदींच परका वाटूं नये.

मायक्रोसॉफ्टची अझूर ही सेवा २०१० सालीं व्यापारी स्वरूपांत सुरू झाली. आरंभीं तिच्या कारभारासाठीं तीनच पदें होतीं: खात्याचा ॲडमिनिस्ट्रेटर, सेवेचा ॲडमिनिस्ट्रेटर आणि सह-ॲडमिनिस्ट्रेटर. पहिल्याकडे बिलाचे व पैशाचे व्यवहार, दुसऱ्याकडे सर्व यंत्रसामग्री. आणि एकेका सबस्क्रिप्शनला, म्हणजे भाड्यानें घेतलेल्या एकेका दालनाला, २०० पर्यंत सह-ॲडमिनिस्ट्रेटर नेमतां येत. हे नांवानें दुय्यम असले तरी सामर्थ्यानें जवळजवळ मुख्याच्या बरोबरीचे असत. ज्याला एक यंत्र सुरू-बंद करावयाचें, त्यालाही सर्व यंत्रें मोडून टाकण्याची सत्ता द्यावी लागे; कारण त्याहून लहान सत्ता त्या व्यवस्थेंत नव्हतीच. पाणी भरावयास येणाऱ्या गड्याच्या हातीं तिजोरीसकट सर्व किल्ल्यांचा जुडगा द्यावा, तसा हा प्रकार होता. हीं जुनीं पदें मायक्रोसॉफ्टनें ३१ ऑगस्ट २०२४ रोजीं निवृत्त केलीं.

त्यांच्या जागीं जी व्यवस्था आली तिला भूमिकाधिष्ठित अधिकार असें म्हणतां येईल. तींत प्रत्येक नेमणुकीच्या वेळीं तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात: अधिकार कोणाला, काय करण्यासाठीं, आणि कोठपर्यंत. ‘रीडर’ पाहूं शकतो, बदलूं शकत नाहीं. ‘कॉन्ट्रिब्यूटर’ यंत्रें उभारूं व मोडूं शकतो, परंतु दुसऱ्यास अधिकार देऊं शकत नाहीं. ‘ओनर’ दोन्ही करूं शकतो. अधिकाराची सीमाही सबंध सबस्क्रिप्शनची, त्यांतील एका गटाची किंवा एकाच यंत्राची ठरवितां येते. शिवाय मोठा अधिकार कायमचा न देतां, कामापुरता कांहीं तास मागून घ्यावयाचा आणि मुदत संपतांच तो आपोआप परत जावयाचा, अशीही सोय करतां येते.

येथें नैतिक प्रश्न उभा राहतो. दहा वर्षें रात्रीबेरात्रीं उठून ज्यानें यंत्रें सांभाळलीं, ज्याच्या सचोटीविषयीं कोणी कधीं ब्रही काढला नाहीं, त्याला एके दिवशीं सांगण्यांत येतें कीं, आजपासून तुमचा अधिकार अमुक गटापुरता. त्याला जें दुःख होतें तें खोटें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. विश्वास ही माणसामाणसांतील मोठी ठेव आहे. जेथें पावलोपावलीं परवानगी मागावी लागते तेथें माणूस मन लावून काम करणें हळूहळू सोडतो, हेंही आपल्या अनुभवाचें आहे. मग नव्या व्यवस्थेनें विश्वासाच्या आसनावर संशयाला बसविलें, असा आक्षेप कोणीं घेतला तर त्याला काय उत्तर आहे?

पहिलें उत्तर असें कीं, मर्यादा केवळ अप्रामाणिक माणसालाच घालावी लागते हा समजच चुकीचा आहे. जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर या संशोधकांनीं १९७५ सालीं संगणकांतील माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. प्रत्येक माणसाला व प्रत्येक प्रोग्रॅमला आपलें काम पुरें करण्यास लागेल तितकाच अधिकार असावा, हें तत्त्व त्यांनीं त्यांत मांडलें. आणि तें मांडतांना अपघात व चूक यांपासून होणारी हानि आटोक्यांत राहते, हें कारण दिलें. थकलेला, घाईंत असलेला, झोप अपुरी झालेला सज्जनही चुकतो. हा नियम त्याच्यासाठींच आहे. दुसरें असें कीं, पासवर्ड चोरीस गेला म्हणजे चोराच्या हातीं त्या सज्जनाचा स्वभाव लागत नाहीं, त्याची सत्ता मात्र लागते. २०१४ च्या जून महिन्यांत कोड स्पेसेस या कंपनीवर असाच प्रसंग आला. इतरांचे प्रोग्रॅम जपून ठेवणें हा तिचा धंदा. तिच्या ॲमेझॉनवरील कारभाराचीं सूत्रें एका खंडणीखोराच्या हातीं गेलीं. त्यानें मूळ माहिती आणि राखून ठेवलेल्या प्रती यांचा बहुतांश नष्ट केला, आणि कंपनीला कायमचें टाळें लागलें. मूळ वस्तु व तिची प्रत या दोहोंपर्यंत एकाच जागेहून हात पोहोंचत होता, तेथें दुसरें काय व्हावयाचें होतें?

हें तत्त्व आपल्यालाही नवें नाहीं. बँकेची तिजोरी दोघां अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांवांचून उघडत नाहीं. ज्याचा मुलगा परीक्षेस बसला आहे त्या प्राध्यापकाला त्या परीक्षेचें काम देत नाहींत. अध्यापनाच्या व्यवसायांत आम्ही इतकीं वर्षें काढलीं, परंतु या नियमानें आपला अपमान झाला असें म्हणणारा सहाध्यापक आम्हांस भेटला नाहीं. निकालानंतर त्याच्याकडे कोणी बोट दाखवूं शकत नाहीं, हा त्या नियमाचा लाभ त्यालाच मिळतो.

दुसरें उत्तर याहून खोल आहे. डेव्हिड फेरायोलो व रिचर्ड कून यांनीं १९९२ सालीं भूमिकाधिष्ठित अधिकारांची कल्पना पद्धतशीरपणें मांडली, तेव्हां त्यांनीं एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधलें: संस्थेंतील माणूस ज्या माहितीवर काम करतो तिचा तो बहुधा मालक नसतो. आम्ही आणखी एक पाऊल पुढें जाऊन म्हणूं कीं, रोग्याच्या कागदांवर खरा हक्क रोग्याचा आणि ठेवीवर ठेवीदाराचा. कारभारी हा त्यांचा विश्वस्त. विश्वस्ताची सत्ता कामाबरोबर येते आणि कामाबरोबर जाते. ही गोष्ट विसरली म्हणजे हुद्द्याचें वतन होतें. शिवछत्रपतींच्या काळीं प्रधानांचीं पदें वंशपरंपरागत नव्हतीं. पुढें शाहू महाराजांच्या कारकीर्दींत तीं तशीं होत गेलीं, आणि मग राज्याच्या कामापेक्षां घराण्याचा हक्क कसा मोठा होतो, हें इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको. ‘आम्ही येथें पहिल्यापासून आहों’ एवढ्याच बळावर सर्व किल्ल्या कमरेला बाळगणारा ॲडमिनिस्ट्रेटर हाही एक वतनदारच होय.

तथापि नव्या व्यवस्थेची नुसती आरती ओवाळावी असें आम्हांस वाटत नाहीं. तिच्यांतील पहिला धोका नांवापुरत्या सुधारणेचा. जुन्या सह-ॲडमिनिस्ट्रेटरांना सबंध सबस्क्रिप्शनवर सरसकट ओनर नेमलें कीं नांव बदलतें, सत्ता होती तेवढीच राहते. कोणाचें काम किती हें विचारण्याचे कष्ट मात्र वांचतात. दुसरा धोका असा: ‘यूझर ॲक्सेस ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून एक भूमिका आहे. तिला यंत्रें चालविण्याचा अधिकार नाहीं, फक्त अधिकार वांटण्याचा आहे. पण तो हातीं असलेला माणूस मनांत आणील तर स्वतःलाच ओनर करून घेऊं शकतो. सत्ता वापरणाऱ्यापेक्षां सत्ता वांटणारा मोठा. कोणतीही व्यवस्था केली तरी शेवटीं एक माणूस असा उरतोच कीं, ज्याच्यावर विश्वासच ठेवावा लागतो. नियमांनीं विश्वासाची गरज संपत नाहीं. तो कोठें ठेवावयाचा तीं स्थळें थोडीं होतात, आणि म्हणूनच तीं डोळे उघडे ठेवून निवडतां येतात.

तिसरा धोका मनाचा आहे. ‘ती माझी भूमिका नव्हे’ हें वाक्य सरकारी कचेऱ्यांत आपण पुष्कळ ऐकलें आहे. तें या नव्या दालनांतही ऐकूं येईल. सत्तेला सीमा घातली म्हणून कर्तव्यबुद्धीला सीमा पडत नाहीं. ज्याला केवळ पाहण्याचा अधिकार आहे, त्यालाही धूर दिसल्याबरोबर हांक मारलीच पाहिजे. ही व्यवस्था रचणारांनाही नियमांचें अपुरेपण ठाऊक आहे. संपूर्ण सत्तेचीं निदान दोन खातीं आणीबाणीसाठीं बाजूला जपून ठेवावीं, आणि त्यांच्या प्रत्येक वापरावर नजर असावी, असा सल्ला मायक्रोसॉफ्टच देते.

तेव्हां आरंभींच्या दोन अर्थांची फारकत करणें हेंच आमच्या मतें श्रेयस्कर. योग्यता माणसाची आहे. ती कोणत्याही यादींतून नांव वगळल्यानें जात नाहीं. सत्ता कामाची आहे. ती कामाएवढीच असावी. मात्र ज्याच्या हातून किल्ल्या परत घ्यावयाच्या, त्याला हा भेद नीट समजावून सांगणें हें घेणाराचें कर्तव्य आहे. यंत्राकडून आलेल्या एका ओळीच्या सूचनेनें तें पार पडत नाहीं. आणि आपल्या बोलण्यावर त्याचा विश्वास बसावा अशी इच्छा असेल, तर त्या कचेरींतील वरिष्ठानें सर्वांच्या आधीं स्वतःच्या कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवावा.