मूस, मूर्ती आणि शोभा

धातूची मूर्ती वितळते तेव्हा नेमके काय नाहीसे होते, हा प्रश्न कवठे महांकाळसारख्या गावी केवळ तात्त्विक राहत नाही. सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ, तासगाव, खानापूर, आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांतून गलाईच्या व्यवसायासाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या भारतभर गेली. जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करणे हा त्यांचा धंदा. मुशीला आकाराचे सोयरसुतक नसते. पैंजण असो, करदोटा असो की देव्हाऱ्यातला झिजलेला टाक असो, सर्वांचा रस अखेर एकच. परंतु याच तालुक्यात आरेवाडीला बिरोबाचे बन आहे आणि घरोघरच्या देव्हाऱ्यांत कुलदैवतांचे व पूर्वजांचे टाक पुजले जातात. धातूला केवळ द्रव्य मानणारी दृष्टी आणि धातूत आपले माणूस पाहणारी दृष्टी एकाच घरात नांदतात, आणि त्यांचा परस्परांशी झगडा होत नाही. तो का होत नाही, याचे उत्तर शोधताना एका दूरच्या व वरवर असंबद्ध वाटणाऱ्या प्रश्नावर प्रकाश पडतो. तो प्रश्न असा की, आफ्रिकेतील हस्तघडणीची कांस्यशिल्पे दिवाणखान्याची शोभा म्हणून मांडणे नैतिकदृष्ट्या कितपत समर्थनीय आहे?

साम्य आरंभीच नोंदवावे लागते. नायजेरियातील बेनिन या राज्यात नवा राजा, म्हणजे ओबा, गादीवर आला की दिवंगत पित्यासाठी वेदी उभारी आणि तिच्यावर धातूचे ओतीव मस्तक स्थापन करी. मस्तकाच्या माथ्यावर कोरीव हस्तिदंत बसविला जाई. महाराष्ट्रात अनेक कुळांत मृत पूर्वजाचा टाक करून तो देवांत बसवितात. दोन्हीकडे धातू हा मृताशी संबंध चालू ठेवण्याचे साधन आहे. आकार, आवाका आणि राजसत्तेचे अधिष्ठान यांत अर्थातच मोठे अंतर आहे. पण हेतूची जात एकच आहे. बेनिनच्या या कृतींना रूढीने ‘कांस्ये’ म्हटले जात असले तरी त्यांतील पुष्कळशा वस्तुतः पितळेच्या आहेत, आणि त्यातले बरेचसे पितळ पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी आणलेल्या कड्यांतून आले. म्हणजे पूर्वजाची ती पवित्र मस्तकेदेखील परदेशी व्यापारी माल वितळवूनच घडली होती. द्रव्याच्या शुद्धतेत पावित्र्य शोधणाऱ्याची इथे निराशाच होईल.

फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहर जिंकले, ओबा ओव्होनराम्वेन यास कालाबारला हद्दपार केले आणि राजवाड्यातील हजारो कृती लुटल्या. त्यांतल्या कित्येक विकल्या गेल्या व युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत, तसेच श्रीमंतांच्या घरांत पोहोचल्या. वेदीवरचे मस्तक फडताळावरची वस्तू झाले.

या स्थित्यंतराचे वर्णन करण्यासाठी वाल्टर बेन्यामिन यांनी १९३०च्या दशकात केलेला भेद सामान्यतः वापरला जातो. कलाकृतीचे पूजामूल्य ओसरते आणि प्रदर्शनमूल्य वाढते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हा भेद उपयुक्त असला तरी प्रस्तुत प्रश्नाला तो अपुरा पडतो. तो ऱ्हासाचे वर्णन करतो. जबाबदारी कोणाची, हे सांगत नाही. शिवाय मूल्यांची ही वाटचाल एकाच दिशेने होते असेही नाही. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात पोसायडन या सागरदेवतेची रोमन घडणीची छोटी कांस्यमूर्ती सापडली. सातवाहनकाळात सागरापलीकडून आलेली ही मूर्ती कोणी पुजली, की कोनाड्यात कौतुकाने ठेवली? मूर्तीकडे पाहून हे सांगता येत नाही. पूजा आणि शोभा हे वस्तूचे गुणधर्म नव्हेत. ते वस्तूभोवती विणलेल्या व्यवहाराचे गुणधर्म आहेत.

मराठी भाषेला हे ठाऊक आहे. ‘मूर्ती’, ‘पुतळा’, ‘बाहुली’ आणि ‘शोभेची वस्तू’ हे शब्द आकारावरून ठरत नाहीत. समोरच्या वस्तूशी आपण कसे वागतो, यावरून ठरतात. मूर्तीला स्नान असते, पुतळ्याला हार असतो, शोभेच्या वस्तूवरची धूळ झटकली की काम भागते. यांपैकी शोभा ही स्वभावतः हीन आहे, असे मानण्याचे कारण नाही. रांगोळी, तोरण, समई यांत शोभा आणि श्रद्धा वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून आक्षेप शोभेवर घेता येणार नाही. आक्षेप असलाच तर तो तुटलेल्या नात्याच्या विस्मरणावर घ्यावा लागेल.

इथे टाकाचे उदाहरण निर्णायक ठरते. टाक झिजला, नाकडोळे पुसले गेले की काही घरांत तो विसर्जित करतात. काही घरांत तो मोडून, भर घालून नवा घडवून घेतात. आकार जातो, पण देव जात नाही. कारण तो टाक कोणाचा, हे जाणणारे घर शाबूत असते. वितळविण्याचा अधिकार नात्यातून येतो. उलट, तोच टाक चोरीस जाऊन एखाद्या संग्राहकाच्या काचेच्या कपाटात शंभर वर्षे सुरक्षित राहिला, तर धातूचा कण न कण टिकूनही टाक हरवलेलाच असतो. संग्रहालयांच्या बाजूने नेहमी मांडला जाणारा ‘आम्ही या वस्तू जपल्या’ हा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. जपणूक हे मूल्य खरे आहे. अभ्यासकांना व सामान्य प्रेक्षकांना तिचा लाभही झाला आहे. परंतु ज्याच्यासाठी जपायचे त्यालाच वगळून केलेली जपणूक हा विश्वस्ताचा नव्हे, कब्जेदाराचा धर्म होय.

न्यायव्यवहारातही हा विचार अपरिचित नाही. तमिळनाडूतील पथूर येथे १९७६ साली जमिनीत सापडलेला व पुढे लंडनला पोहोचलेला कांस्य नटराज १९९१ मध्ये इंग्लंडमधील न्यायालयाच्या निर्णयाने भारतात परतला. त्या खटल्यात मंदिराला दावा लावू शकणारी व्यक्ती म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे तुटलेल्या नात्याला कायद्याच्या भाषेत आवाज मिळाला. बेनिनच्या बाबतीत २०२२ मध्ये जर्मनीने आपल्या संग्रहालयांतील कृतींची मालकी नायजेरियाकडे सोपविण्याचा करार केला आणि २०२५ मध्ये नेदरलँड्सने ११९ वस्तू परत केल्या. ब्रिटिश म्युझियमने मात्र १९६३च्या कायद्याकडे बोट दाखविले आहे. अर्थात परत देण्याने प्रश्न संपत नाही. परतीच्या वस्तू ओबाच्या वारसाकडे जाव्यात की राष्ट्राच्या संग्रहालयाकडे, असा वाद नायजेरियातही झाला, आणि तो स्वाभाविक होता. धातू विमानाने परत येतो. नाते त्या वेगाने परत येत नाही.

आता उरतो तो दिवाणखाना. आज बाजारात मिळणारे ‘बेनिन मस्तक’ लुटीतले नसते. बेनिन शहरातील इगुन रस्त्यावर ओतकाम करणाऱ्यांची वंशपरंपरागत श्रेणी आजही काम करते. एके काळी केवळ ओबासाठी ओतकाम करणारे हे कारागीर विसाव्या शतकात गिऱ्हाइकांसाठीही करू लागले. त्यांची रीत मेण वितळवून ओतण्याची आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात हीच रीत वर्णिली आहे. मेणाची प्रतिमा करावी, मातीचे लेप द्यावेत, तापवून मेण काढावे, पोकळीत रस ओतावा आणि अखेर साचा फोडावा. साचा फुटत असल्याने प्रत्येक प्रतिमा एकटीच जन्मते. अशी वस्तू विकत घेण्यात पाप नाही. कारागिराने ती विकण्यासाठीच घडविली आहे. परंतु इथेही एक नाते आहे, घडविणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे. ‘हस्तघडण’ एवढीच चिठ्ठी लावून ते बाजारात पुसले जाते. हात विकला जातो, हाताचा धनी अनामिक राहतो. त्याचे नाव, त्याचा रास्त मोबदला, आणि ज्या मूळ कृतीची ही प्रतिकृती आहे तिचा १८९७चा इतिहास, एवढे ज्याने जाणून घेतले त्याच्या घरातली शोभा निर्दोष म्हणता येईल.

साहित्याच्या अभ्यासकाने हा प्रश्न परक्या क्षेत्रातला मानू नये. जात्यावरची ओवी पाठ्यपुस्तकात आली तेव्हा तिच्या बाबतीतही हेच घडले. दळणाचा घरघराट गेला, बाईचे नाव गेले, उरली ती ‘लोकसाहित्य’ या मथळ्याखालची शोभा. याउलट गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या ओवीसंकलनात गाणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले, आणि त्या नोंदीने ओवीचा अर्थच बदलला. ती नमुना न राहता कोणाची तरी झाली. ‘अनामिक’ हा शब्द समीक्षेत अनेकदा परंपरेचे वैभव म्हणून वापरला जातो. पुष्कळदा तो केवळ न विचारल्याची कबुली असतो.

गलाईच्या दुकानातली मूस अखेर प्रामाणिक असते. ती आकार मोडते, पण माल कोणाचा, याचा हिशेब धनी ठेवतोच; चांदी परत करताना ती ज्याची त्याला जाते. आकार जपून हिशेब विसरणाऱ्या कपाटाला एवढेही साधलेले नसते.